विहिरीच्या बॅरियरचा फेल्युअर रेट काढायचाय? आधी भाजकाकडे बघा

नॉर्वेतल्या स्टाव्हांगरला रुजू होऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले होते. वरिष्ठांनी एक एक्सेल फाइल पाठवली आणि सांगितलं, डाउनहोल सेफ्टी व्हॉल्व्हचा (संकटात तेलविहीर आतूनच बंद करणाऱ्या व्हॉल्व्हचा) फेल्युअर रेट काढ, शुक्रवारी मीटिंगला लागेल. मनात म्हटलं, भागाकारच तर आहे. बिघाड किती, भागिले वर्षं किती. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे चार उत्तरं होती. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या उत्तरात सहापटीचा फरक होता, आणि चारपैकी एकातही गणिताची चूक नव्हती.

ते चार आकडे कुठून आले हे उमगायला मला पुढे वर्षभर लागलं. ड्रिलिंग, प्रॉडक्शन किंवा इन्स्ट्रुमेंटेशनमधून येऊन अचानक वेल इंटेग्रिटीच्या (विहिरीतून काही बाहेर सुटू नये हे पाहणाऱ्या कामाच्या) टेबलावर बसवलेल्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं नॉर्वेची आहेत. विहिरीच्या भागांच्या बिघाडांची पद्धतशीर नोंद ठेवायची सवय तिथे १९८०च्या दशकापासून आहे आणि मी शिकले तीही तिथेच. पण व्हॉल्व्ह मुंबई हायचा असला तरी काम याच क्रमाने करायचं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. वरचा आकडा, म्हणजे बिघाड, सगळे जीव तोडून मोजतात. खालचा आकडा, म्हणजे किती व्हॉल्व्ह किती काळ विहिरीत होते, तो बहुतेक वेळा अंदाजपंचे घातलेला असतो. घोळ तिथे होतो.

बसण्याआधी हे गोळा करा

- प्रत्येक विहिरीचं वेल बॅरियर स्केमॅटिक, म्हणजे विहिरीचा दाब अडवणाऱ्या भागांचं चित्र. फक्त चालू आवृत्ती नको, जुन्याही मागा.
- कम्प्लिशन रिपोर्ट (विहीर उत्पादनासाठी सज्ज करतानाचा अहवाल) आणि ट्युबिंग टॅली (तेल-वायू जिच्यातून वर येतो त्या नळीच्या तुकड्यांची यादी): कोणतं मॉडेल, कोणता सीरियल नंबर, किती खोलीवर, कोणत्या तारखेला.
- टेस्टचे रिपोर्ट, प्रेशरच्या आलेखासकट. नुसता पास-फेलचा तक्ता घेऊ नका.
- वर्कओव्हर (विहिरीची मोठी दुरुस्ती) आणि वायरलाइनचे (तारेने विहिरीत अवजारं सोडून केलेल्या कामाचे) रोजचे रिपोर्ट.
- बाहेर काढलेला व्हॉल्व्ह वर्कशॉपमध्ये उघडून पाहिला असेल, तर त्याचा अहवाल.
- विहीर कधी चालू होती, कधी बंद होती, याच्या उत्पादन नोंदी.
- ॲन्युलस प्रेशरचा ट्रेंड. ॲन्युलस म्हणजे ट्युबिंग आणि तिच्याबाहेरची पोलादी नळी (केसिंग) यांच्यामधली पोकळी.
- तीन मानकं: नॉरसॉक डी-०१० (विहिरीच्या बॅरियरचं नॉर्वेचं मानक), आयएसओ १४२२४ (बिघाडांच्या नोंदी कशा ठेवायच्या) आणि एपीआय आरपी १४बी (सेफ्टी व्हॉल्व्हचं अमेरिकी मानक).

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर साधी स्प्रेडशीट पुरते. तिच्यात काय-स्क्वेअरचं (आकडा किती इकडेतिकडे असू शकतो हे काढायला लागणारं संख्याशास्त्रातलं) फंक्शन असलं की झालं. पहिल्याच दिवशी महागडं पॅकेज मागू नका. माझं पहिलं वर्ष स्प्रेडशीटवरच गेलं आणि काही अडलं नाही.

यातले निम्मे कागद मिळणार नाहीत. वर्कशॉपचे अहवाल तर हमखास नाहीत. मिळेपर्यंत थांबू नका, पण काय मिळालं नाही याची यादी पहिल्या दिवसापासून ठेवा. शेवटी ती लागते.

१. कोणत्या भागाचा हिशेब करताय, त्याची रेघ आखा

नॉरसॉक डी-०१०चा गाभा सोपा आहे: जमिनीखालचा दाब आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन बॅरियर हवेत. स्केमॅटिकमध्ये पहिला निळा दाखवतात, दुसरा लाल. साध्या उत्पादन विहिरीत निळ्या रेघेवर पॅकरच्या (ट्युबिंगभोवतीची पोकळी बुजवणाऱ्या भागाच्या) खालचं सिमेंट आणि केसिंग, पॅकर, ट्युबिंग आणि डाउनहोल सेफ्टी व्हॉल्व्ह येतात. लाल रेघेवर वरचं केसिंग आणि त्याचं सिमेंट, वेलहेड, ट्युबिंग हँगर, ॲन्युलस व्हॉल्व्ह आणि ख्रिसमस ट्री (विहिरीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हांचा संच).

बॅरियर म्हणजे ही सगळी साखळी. तिचा एकेक दुवा म्हणजे बॅरियर एलिमेंट. फेल्युअर रेट दुव्याचा काढायचा असतो. ‘प्रायमरी बॅरियरचा फेल्युअर रेट सांगा’ असं कुणी म्हटलं, तर कोणत्या दुव्याचा हे आधी विचारून घ्या.

या लेखात मी डाउनहोल सेफ्टी व्हॉल्व्ह धरून चालले आहे. तो समुद्रतळाखाली ट्युबिंगमध्ये बसतो; डी-०१०प्रमाणे निदान ५० मीटर खाली. वरून एका बारीक नळीतून, कंट्रोल लाइनमधून, हायड्रॉलिक दाब दिला की आतलं बिजागरीवरचं झाकण उघडं राहतं. या झाकणाला फ्लॅपर म्हणतात. दाब गेला की स्प्रिंग नळकांडं वर ढकलते आणि फ्लॅपर मिटतो. वर प्लॅटफॉर्म जळून गेला तरी खालची विहीर बंद व्हावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आता प्रश्न असा: कंट्रोल लाइन फुटली आणि व्हॉल्व्ह मिटला, तर बिघाड कुणाचा? वरच्या हायड्रॉलिक पॅनेलचा पंप बसला तर? आयएसओ १४२२४ याला बाउंडरी म्हणतं. प्रत्येक उपकरणाभोवती एक तुटक रेघ काढायची; रेघेच्या आतलं आपलं, बाहेरचं दुसऱ्याचं. मी कंट्रोल लाइन आत घेते आणि पॅनेल बाहेर ठेवते. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल, पण चित्र काढून फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा.

रेघ नसली की भलत्याच घटना खात्यात शिरतात. २६ जुलैच्या पुराच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलै २००५ला, मुंबई हाय नॉर्थ जळालं आणि २२ माणसं गेली. मदतनौका रायझरवर (समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या नळीवर) आदळून वायू बाहेर आला होता. भीषण अपघात, पण रायझर हा विहिरीच्या बॅरियरचा दुवा नाही. वेल बॅरियरच्या आकडेवारीत तो येत नाही. उलट २८ नोव्हेंबर २००४चा नॉर्वेतल्या स्नोरे-ए प्लॅटफॉर्मचा गॅस ब्लोआउट (विहिरीतून गॅस बेकाबू सुटणं) मात्र पुरेपूर याच खात्यातला. पी-३१ए विहिरीच्या जुन्या केसिंगला भोकं होती, ती आतून लायनर (आणखी एक नळी) घालून झाकलेली होती, आणि तो लायनर ओढून काढताना विहिरीने गॅस आत घेतला. जुनी स्केमॅटिक का मागायची, ते यावरून कळेल.

२. ‘फेल’ म्हणजे काय ते आधी लिहा, मग रिपोर्ट उघडा

माझ्या चार उत्तरांपैकी दोन इथल्या गोंधळातून आली होती.

सेफ्टी व्हॉल्व्ह अनेक तऱ्हांनी बिघडतो, पण हिशेबापुरते चार प्रकार धरा:

- सांगूनही मिटत नाही.
- मिटतो, पण गळतो.
- कुणी न सांगता मिटतो.
- मिटल्यावर पुन्हा उघडत नाही.

पहिले दोन घातक. व्हॉल्व्ह ज्या कामासाठी ठेवला तेच तो करत नाही, आणि टेस्ट केल्याशिवाय ते कळतही नाही. पुढचे दोन उत्पादन बुडवतात, पण विहीर बंदच राहते. उत्पादन विभागाला विचाराल तर ते पुढच्या दोन प्रकारांबद्दल तावातावाने बोलतील, कारण पैसा तिथे जातो. सुरक्षेचा हिशेब करणाऱ्याला पहिले दोन हवेत. चारही एकत्र करून काढलेला आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. माझ्या फाइलमध्ये नेमका तोच होता.

आता ‘गळतो’ म्हणजे किती गळतो? एपीआय आरपी १४बीची मर्यादा द्रवासाठी मिनिटाला ४०० घनसेंटिमीटर आणि वायूसाठी मिनिटाला १५ प्रमाणित घनफूट, म्हणजे सुमारे ०.४२ घनमीटर. यापेक्षा कमी गळती असेल तर व्हॉल्व्ह पास. नवख्यांना याचा धक्का बसतो. मलाही बसला होता. गळतो तरी पास?

गळती कुणी थेट मोजत नाही. व्हॉल्व्ह मिटवायचा, वरचा दाब थोडा उतरवायचा आणि वरच्या बंद जागेत दाब किती वेगाने चढतो ते बघायचं. तापमान वगैरे बाजूला ठेवलं तर गणित असं: बंद जागेचं घनफळ, गुणिले दाबवाढ बारमध्ये, भागिले १.०१३, भागिले मिनिटं.

समजा व्हॉल्व्ह ४०० मीटरवर आहे आणि अर्ध्या तासात दाब २ बार चढला. ट्युबिंग साडेचार इंची असेल, तर वरची जागा साधारण ३.२ घनमीटर आणि गळती मिनिटाला ०.२१ घनमीटर. पास. तीच ट्युबिंग सात इंची असेल, तर जागा ७.७५ घनमीटर आणि गळती ०.५१. फेल. आलेख तोच, दाब तोच, वेळही तीच. एका फील्डच्या टेस्ट शीटमध्ये घनफळाचा रकाना आधीच्या विहिरीवरून कॉपी होत आलेला मला सापडला होता. ते कुणाचं फील्ड हे सांगत नाही. पण त्या दिवसापासून पास-फेलच्या शिक्क्यावर मी विश्वास ठेवत नाही. घनफळ टॅलीवरून स्वतः काढते.

दुसरा सापळा याहून चिवट आहे. व्हॉल्व्ह पहिल्या फटक्यात नीट मिटला नाही. ऑपरेटरने दोनदा उघडझाप केली, थोडं डिझेल मारलं, तिसऱ्यांदा मिटला. रिपोर्टवर शिक्का: पास. ऑपरेटरचं काही चुकलं नाही, त्याला विहीर सुरू करायची होती. पण खरोखर आग लागली असती, तर व्हॉल्व्हला तिसरी संधी कोण देणार होतं? माझ्या हिशेबात पहिला फटकाच धरायचा. तो चुकला तर बिघाड. हे तपशील पास-फेलच्या तक्त्यात कधीच नसतात. ते रोजच्या रिपोर्टात, शेरा म्हणून, एका ओळीत असतात. शोधण्यासाठी शब्द: ‘सायकल’, ‘पुन्हा’, ‘एक्सरसाइझ’.

बिघाडाचा प्रकार, त्यामागची यंत्रणा आणि मूळ कारण हे तीन रकाने वेगळे ठेवा. ‘मिटला नाही’ हा प्रकार. ‘खपली जमून नळकांडं अडकलं’ ही यंत्रणा. ‘स्केल (हीच क्षारांची खपली) येणार हे माहीत असून रसायन मारलं नाही’ हे कारण. रिपोर्ट लिहिणारे तिन्ही एकाच वाक्यात कोंबतात. सोडवून घेणं तुमचं काम.

३. भाजक: व्हॉल्व्ह-वर्षं मोजा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. सगळ्या कामाला दहा दिवस असतील, तर पाच इथे जाऊ देत.

व्हॉल्व्ह-वर्षं म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह विहिरीत किती वर्षं कामावर होता, त्याची बेरीज. कुणाचं दीड, कुणाचं अकरा. ऐकायला सोपं आहे. आता खाचखळगे.

*न बिघडलेले व्हॉल्व्ह यादीतच नसतात.* मेंटेनन्स सिस्टीममधून यादी काढली की ज्यांच्यावर कधी ना कधी वर्क ऑर्डर निघाली तेच व्हॉल्व्ह बाहेर येतात. जे मुकाट्याने दहा वर्षं काम करत राहिले त्यांची नोंद शून्य. माझ्या त्या पहिल्या फाइलमधले व्हॉल्व्ह प्रत्यक्ष बसवलेल्यांच्या निम्मेही नव्हते, आणि मी त्याच यादीवर भागाकार करून मोकळी झाले होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यादी नेहमी कम्प्लिशन रिपोर्टवरून सुरू करा. मेंटेनन्स सिस्टीम नंतर जोडा.

*काढलेला प्रत्येक व्हॉल्व्ह बिघडलेला नसतो.* ट्युबिंग गळली म्हणून वर्कओव्हर झाला आणि ट्युबिंगसोबत धडधाकट सेफ्टी व्हॉल्व्हही वर आला. त्याचा काळ तिथे थांबला, पण बिघाड झाला नाही. अशा नोंदीला सेन्सॉर्ड म्हणतात. तिची वर्षं भाजकात घ्यायची, अंशात काही टाकायचं नाही. लोक एकतर तिला बिघाड धरतात, नाहीतर संपूर्ण गाळतात. दोन्हींनी रेट उगाच फुगतो.

*व्हॉल्व्हच्या आत व्हॉल्व्ह.* ट्युबिंगसोबत बसवलेला व्हॉल्व्ह बिघडला की अख्खी ट्युबिंग उपसायची नसते. जुना उघडा ठेवून लॉक करतात आणि त्याच्या पोटात वायरलाइनने छोटा व्हॉल्व्ह बसवतात. सिस्टीममध्ये मात्र विहिरीसमोर एकच टॅग नंबर (व्हॉल्व्हचा नव्हे, जागेचा क्रमांक) असतो आणि त्याचं घड्याळ पुढे चालूच राहतं. बिघाडाच्या दिवशी जुन्याचं घड्याळ बंद करा, बसवल्याच्या दिवशी नव्याचं सुरू करा. वायरलाइनचे व्हॉल्व्ह तर डागडुजी होऊन दुसऱ्या विहिरीतही जातात. म्हणून सीरियल नंबर लागतो, टॅग पुरत नाही.

*बंद विहिरी.* दोन वर्षं बंद पडलेल्या विहिरीतला व्हॉल्व्ह कामावर होता का? तो दाब अडवून बसला होता, त्यामुळे मी ती वर्षं धरते, पण वेगळ्या रकान्यात. प्लग मारून सोडलेली विहीर धरत नाही.

*बिघाडाची तारीख.* एप्रिलच्या टेस्टला पास, ऑक्टोबरच्या टेस्टला फेल. बिघडला कधी? कुणालाच माहीत नाही. मी मधली तारीख धरते. टेस्टमधलं अंतर एकसारखं नसतं हेही लक्षात असू द्या. डी-०१०प्रमाणे नव्या व्हॉल्व्हची सलग तीन टेस्ट पास होईपर्यंत दर महिन्याला, मग पुढची तीन होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी टेस्ट करायची असते.

*प्रमाण म्हणजे रेट नव्हे.* नॉर्वेच्या पेट्रोलियम सुरक्षा प्राधिकरणाने २००६मध्ये ७ ऑपरेटरांच्या १२ ठिकाणच्या ४०६ विहिरी तपासल्या. त्यांतल्या ७५मध्ये, म्हणजे १८ टक्क्यांमध्ये, इंटेग्रिटीचा बिघाड, समस्या किंवा शंका आढळली. सगळ्यात जास्त ट्युबिंगमध्ये. हा १८ टक्क्यांचा आकडा ‘दरवर्षी १८ टक्के विहिरी फेल’ म्हणून स्लाइडवर आलेला मी स्वतः पाहिला आहे. तो एका दिवशी काढलेला फोटो होता. त्यात वर्षं नाहीतच, तर दरवर्षीचा रेट येणार कुठून?

४. मिसळ करू नका, पण चिवडूही नका

ट्युबिंगसोबत बसवलेले व्हॉल्व्ह आणि वायरलाइनने बसवलेले व्हॉल्व्ह एकत्र मोजू नका. वायरलाइनवाल्यांना लॉक आणि पॅकिंग लागतं, गळतीला जास्त जागा मिळतात, आणि त्यांची विश्वासार्हता कमी निघते. जुन्या विहिरींत फ्लॅपरऐवजी बॉलचे व्हॉल्व्हही भेटतील. ते तर वेगळेच ठेवा. स्केल होणाऱ्या विहिरी, वाळू येणाऱ्या विहिरी यांचाही गट करावासा वाटेल.

पण किती तुकडे करणार? मॉडेल, खोली, स्केल, वय असं चिरत गेलात की प्रत्येक वाटीत एक-दोन बिघाड उरतात आणि सगळे निष्कर्ष वाऱ्यावर. मी गट दोन ते चारच ठेवते, आणि इंजिनीअरला कारण सांगता येईल तिथेच चिरते. नुसतं आकड्यात फरक दिसला म्हणून नाही.

५. आता भागाकार

शिकण्यापुरतं उदाहरण घेऊ. १२० व्हॉल्व्ह, सरासरी ५ वर्षं, म्हणजे ६०० व्हॉल्व्ह-वर्षं. घातक बिघाड ९.

रेट: ९ भागिले ६००, म्हणजे वर्षाला ०.०१५. डेटाबेसच्या भाषेत दहा लाख तासांना १.७. उलटा केला तर सरासरी ६७ वर्षांनी एक बिघाड.

इथे थांबू नका. नऊ बिघाड हा लहान आकडा आहे. नशिबाने सहा झाले असते किंवा तेरा. काय-स्क्वेअरने ९० टक्क्यांचा पट्टा काढा. खालची बाजू: १८ अंशांचा (डिग्रीज ऑफ फ्रीडमचा) ५ टक्के बिंदू, भागिले २, भागिले ६००. वरची बाजू: २० अंशांचा ९५ टक्के बिंदू, तसाच. उत्तर ०.००७८ ते ०.०२६. वर्षांत म्हणायचं तर १२८ पासून ३८ पर्यंत. एवढा रुंद पट्टा दाखवायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. तरी दाखवा.

आणि ‘६७ वर्षं’ हा आकडा मीटिंगमध्ये उच्चारताना जपून. कुणीतरी हमखास म्हणतं, मग २५ वर्षांच्या फील्डला काळजीच नाही! ६७ वर्षं हे एका व्हॉल्व्हचं आयुष्य नाही. ६७ व्हॉल्व्ह असतील, तर वर्षाला साधारण एक बिघडेल, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हे गणित रेट कायम एकच राहतो असं धरून चालतं. सील झिजतात, स्केल साचतं; दहा वर्षांनंतर तो तोच राहीलच असं नाही. वयाप्रमाणे बिघाड मांडून बघा, आणि टोकाला चढ दिसला तर वायबुलकडे (वयाप्रमाणे बदलणारा रेट धरणाऱ्या गणिताकडे) वळा.

शून्य बिघाड आले तर? नवख्यांचा आवडता निष्कर्ष: रेट शून्य. ४० व्हॉल्व्ह-वर्षांत एकही बिघाड नाही, याचा अर्थ एवढाच की ९५ टक्के खात्रीने रेट ३ भागिले ४०, म्हणजे ०.०७५च्या खाली आहे. ही मर्यादा वरच्या उदाहरणातल्या ०.०१५च्या पाचपट आहे. नव्या मॉडेलचा विक्रेता ‘आजवर एकही बिघाड नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला व्हॉल्व्ह-वर्षं विचारा. मग हेही विचारा की विकलेल्या व्हॉल्व्हचं पुढे काय झालं हे त्याला कोण कळवतं. बहुधा कुणीच नाही.

६. बाहेरचे आकडे घेताना

स्वतःचा डेटा कमी असला की सगळे तयार आकड्यांकडे धावतात. दोन नावं सतत कानावर येतील. ओरेडा हा तेल कंपन्यांचा एकत्रित प्रकल्प, १९८१पासूनचा. हँडबुकं आहेत, पण भर वरच्या आणि समुद्रतळावरच्या उपकरणांवर. विहिरीच्या आतल्या भागांसाठी वेलमास्टर, जो ट्रोंडहाइमच्या सिंटेफ या संशोधन संस्थेच्या सेफ्टी व्हॉल्व्हवरच्या जुन्या अभ्यासांतून वाढला. पॅकरचा आकडा ओरेडाच्या हँडबुकात शोधत बसू नका.

तिथून आकडा उचलताना तीन गोष्टी तपासा. एकक: दहा लाख तासांना की वर्षाला? माझं चौथं उत्तर इथून आलं होतं. बाउंडरी: कंट्रोल लाइन आत की बाहेर? आणि वर्ग: क्रिटिकल (काम बंद), डिग्रेडेड (काम अर्धवट) की इन्सिपियंट (बिघाडाची नुसती सुरुवात)? तिन्ही मिळून ‘एकूण’ असा एक रकाना असतो, डोळा आधी तिथेच जातो, आणि तुम्हाला बहुतेक तो नको असतो.

मी बाहेरचा आकडा आपल्या आकड्याशेजारी ठेवते. आपल्या आकड्याच्या जागी नाही. दोन्हींत खूप फरक असेल, तर निम्म्या वेळा चूक माझ्या भाजकात सापडते.

७. टेस्टचं अंतर आणि गुणाकाराचा मोह

रेट हातात आला की पुढचा प्रश्न: गरज पडेल त्या क्षणी व्हॉल्व्ह बिघडलेला असण्याची शक्यता किती? घातक रेट गुणिले टेस्टमधलं अंतर, भागिले दोन. आपल्या उदाहरणात ०.०१५ गुणिले अर्धं वर्ष, भागिले २, म्हणजे ०.००३७५. टेस्ट वर्षाने केली तर दुप्पट. टेस्ट लांबवण्याची विनंती आली की हे सूत्र पुढे करा.

मग मोह होतो दोन व्हॉल्व्हचे आकडे गुणायचा. ट्रीवरचा मास्टर ०.००३, विंग ०.००३; गुणाकार ०.०००००९. लाखात एक! छान दिसतं. पण दोघांना हायड्रॉलिक एकच, वाळू एकच, टेस्ट करणारा एकच आणि टेस्टचा दिवसही एकच. शंभरातले पाचच बिघाड जरी अशा सामाईक कारणाने होत असतील, तरी ०.०५ गुणिले ०.००३ म्हणजे ०.०००१५, साडेसहा हजारांत एक. लाखाचा आकडा कुठल्या कुठे गेला. दोन बॅरियर एकमेकांवर अवलंबून नसावेत हे डी-०१० म्हणतं. ते खरंच तसे आहेत का, हे बिघाडांच्या कारणांच्या रकान्यात बघायचं असतं. तो रकाना रिकामा असेल, तर मागे जाऊन भरा.

८. आकडा सोपवताना

आकडा एकटा पाठवू नका. एका पानावर एवढं असू दे: बाउंडरीचं चित्र; कोणते प्रकार बिघाड धरले; पहिला फटका धरला की शेवटचा; व्हॉल्व्ह किती, व्हॉल्व्ह-वर्षं किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत; सेन्सॉर्ड किती; गटवारी; रेट आणि पट्टा; आणि सुरुवातीपासून ठेवलेली ती न मिळालेल्या कागदांची यादी.

मीटिंगमध्ये हे पान कुणी वाचत नाही. वरचा ठळक आकडा घेतात आणि पुढे जातात. मात्र दोन वर्षांनी कुणीतरी नवा माणूस तोच आकडा पुन्हा काढायला बसतो. त्याचं उत्तर वेगळं येतं आणि तो तुम्हाला फोन करतो. तेव्हा हे पान उघडायचं आणि त्याला पहिला प्रश्न विचारायचा: तुझी यादी कम्प्लिशन रिपोर्टवरून सुरू झाली की मेंटेनन्स सिस्टीमवरून?